नाचणाऱ्यांच्या बरगड्यांना सुट्टी नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात नागपुरातल्या एका नृत्यस्पर्धेला मी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन गेले होते. रंगपटात आमच्या शेजारी दुसऱ्या एका वर्गाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी घुंगरू बांधून बसली होती. छातीच्या डाव्या बाजूला तळहात दाबून ती अगदी उथळ, तुटक श्वास घेत होती. आईने पर्समधून आम्लपित्ताची गोळी काढली, कोणीतरी पाठीला बाम चोळला, एक आजीबाई "नजर लागली असन पोरीले" असे पुटपुटल्या आणि स्वयंसेवक दारातून डोकावून "ताई, पुढचा नंबर तुमचाच" एवढे सांगून गेला. मुलगी उठली, सात मिनिटे नाचली, शेवटची तिहाई (तीनदा येणारा बोलांचा तुकडा) बिनचूक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणली आणि विंगेत येऊन पडद्याची दोरी धरून उभी राहिली. विचारल्यावर कळले की, असे होण्याची तिची ही चौथी वेळ होती. डॉक्टरांकडे एकदाही नेलेले नव्हते, कारण दोन-चार दिवसांत दुखणे आपोआप थांबते आणि मग त्याचा विषय घरात निघत नाही.

मी कथक करते आणि शिकवते. माझे वय ४९ आहे आणि बत्तिसाव्या वर्षापासून छातीच्या व पाठीच्या सांध्यांचे हेच दुखणे माझ्या सोबतीला आहे. ते येते, आठवडाभर किंवा महिनाभर राहते, जाते आणि बरे झाले असे वाटू लागले की पुन्हा येते. गुडघा, घोटा, कंबर यांविषयी नाचणारी माणसे आपापसांत पुष्कळ बोलतात. त्यांचे तेल, त्यांचे पट्टे, त्यांचे डॉक्टर सगळ्यांना पाठ असतात. बरगड्यांनाही सांधे असतात आणि तेही कुरकुरतात, हे मात्र मी गेल्या सतरा वर्षांत एकाही कार्यशाळेत ऐकलेले नाही. म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही, तेव्हा येथे लिहिलेले वाचून कोणी स्वतःचे निदान करू नये, एवढी विनंती आधीच करून ठेवते.

माझी पहिली कळ रात्री दोन वाजता आली. कूस बदलताना छातीच्या मध्यभागी कोणी टोकदार काही खुपसावे तसे झाले आणि पुढचा श्वास अर्ध्यावरच अडकला. आम्ही तशाच रात्री रुग्णालय गाठले, हृदयाचा आलेख काढला, तो व्यवस्थित निघाला आणि "गॅस आहे" असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी "टेन्शन घेता का?" असे विचारले गेले. पाठीतली चमक सुरू झाली तेव्हा सासूबाईंनी ती उसण ठरवली आणि शेजारच्या आळीतला एक पायाळू मुलगा बोलावून माझ्या पाठीला त्याचा पाय लावून घेतला. तो बिचारा इतका संकोचला होता की त्याची लाथ म्हणजे नुसता स्पर्शच होता. त्याने गुण आला नाही, पण इजाही झाली नाही, आणि ही गोष्ट पुढे एका मालिशवाल्याबद्दल मला सांगता आली नाही. त्याने 'बरगडी चढली आहे' असे म्हणून पाठीवर असा दाब दिला की मी दहा दिवस आडवी होते.

चौदा महिन्यांनी एका अस्थिरोगतज्ज्ञांनी यंत्राकडे न वळता अंगठ्याने तपासले. छातीच्या मधल्या हाडाच्या कडेने ते एकेक बरगडी दाबत खाली आले आणि डावीकडच्या चौथ्या बरगडीशी मी ओरडले. मग त्यांनी मला पालथे झोपवून मणक्यांच्या डाव्या बाजूने तसेच दाबत नेले आणि मी पुन्हा ओरडले, पुन्हा चौथ्या बरगडीच्याच जागी. तोपर्यंत मी छातीचे दुखणे एका डॉक्टरांना आणि पाठीचे दुसऱ्यांना दाखवत होते. प्रत्यक्षात दुखणे एकच होते. ती एकाच बरगडीची दोन टोके होती.

हे थोडे उलगडून सांगण्यासारखे आहे. आपल्या छातीच्या पिंजऱ्यात बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. प्रत्येक बरगडी मागे मणक्याला सांध्याने जोडलेली असते. बहुतेक बरगड्या तर लागोपाठच्या दोन मणक्यांना टेकतात आणि शिवाय मणक्याच्या आडव्या फांदीलाही एक सांधा करतात. पुढच्या बाजूला वरच्या सात जोड्या कूर्चेच्या (कार्टिलेजच्या) तुकड्याने थेट छातीच्या हाडाला मिळतात, पुढच्या तीन जोड्या वरच्या कूर्चेच्या आधाराने मिळतात आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच असतात. पुढची कूर्चेची जागा दुखू लागली की तिला डॉक्टर कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीशी ती अधिक आढळते आणि वरून सूज दिसत नाही. वरून गाठीसारखी सूज दिसत असेल तर तो निराळा प्रकार, ज्याचे वर्णन टिट्झ या जर्मन शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये केले. मागच्या सांध्यांचे दुखणे पाठीत एका बोटाने दाखवता येते आणि कधी कधी बरगडीच्या रेषेने पुढे येऊन छातीतच दुखते आहे असा भास निर्माण करते.

गुडघा दुखला तर पाय उशीवर ठेवून बसता येते. बरगडीचे तसे नाही. मिनिटाला १२ ते १६ श्वास धरले, तरी दिवसाला सतरा ते तेवीस हजार वेळा हे सांधे हलतात; झोपेतही हलतात. शिंक, ठसका, हसू, रडू, सगळे त्यांच्यावरूनच जाते. म्हणूनच हे दुखणे हळूहळू बरे होते आणि म्हणूनच 'पूर्ण विश्रांती घ्या' हा सल्ला येथे शब्दशः पाळताच येत नाही.

त्यात आम्ही नाचतो. कंबरेचे मणके वाकण्यासाठी सक्षम असले तरी पिळण्यासाठी फारसे नाहीत. धडाचा पीळ मुख्यतः पाठीच्या वरच्या १२ मणक्यांत, म्हणजे नेमका बरगड्या जोडलेल्या भागात होतो. कथकच्या चक्करमध्ये, म्हणजे गिरकीत, हात झटक्याने उघडतात आणि मिटतात, मान शेवटपर्यंत मागे राहून एकदम फिरते आणि समेवर सगळे शरीर एका क्षणात थांबवायचे असते. हे थांबणे फिरण्यापेक्षा महाग पडते, असा माझा अनुभव आहे. भरतनाट्यम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हीच कळ नाट्टडवूमध्ये हात ताणून बाजूला झुकताना येते. लावणीच्या कलावंत घुंगरांचे कितीतरी किलोंचे ओझे पायांत वागवून वर छातीने मुरका मारतात. आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्र रात्र दंडार हे लोकनाट्य करणाऱ्यांना तर बरगडीला सांधा असतो हे सांगणारे कोणी भेटण्याची शक्यता आणखीच कमी.

आमच्या शिकवण्यातही एक खोट आहे आणि ती मी स्वतः वीस वर्षे केलेली असल्याने स्पष्ट लिहिते. नाट्यशास्त्रात डोके, हात, कंबर, पाय यांच्याबरोबर उर हेही एक अंग मानले आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: आभुग्न, निर्भुग्न, प्रकंपित, उद्वाहित आणि सम. छाती आत घेतलेली, ताठ केलेली, थरथरणारी, वर उचललेली आणि स्वाभाविक, अशा या पाच अवस्था असून प्रत्येकीचा प्रसंग वेगळा आहे. उद्वाहित छाती दीर्घ श्वासासाठी, उंचावरचे काही पाहण्यासाठी, जांभईसाठी वापरावी असे तेथे सांगितले आहे. आमच्या वर्गांत मात्र 'छाती काढ, पोट आत, खांदे मागे' ही एकच आज्ञा तासभर चालते आणि पाचांपैकी एकाच अवस्थेत मुलींना खिळवून ठेवते. पाठीच्या वरच्या भागाला मागे जो नैसर्गिक बाक असतो तो अशाने सपाट होत जातो, बरगड्या वर उचललेल्याच राहतात, पोट आवळलेले असल्यामुळे श्वासपटल खाली जायला जागा उरत नाही आणि श्वास मानेच्या व छातीच्या वरच्या स्नायूंनी ओढून घ्यावा लागतो. तिहाई जवळ आली की बहुतेक मुली श्वास धरूनच ठेवतात. कसक-मसक शिकवताना आपण श्वासाबरोबर छातीची नाजूक हालचाल मागतो आणि एरवी सगळा वेळ त्याच छातीला कुलूप घालून ठेवतो, ही विसंगती लक्षात यायला मला स्वतःला दुखावे लागले.

आता महत्त्वाचा भाग. छातीत दुखले की ते सांध्याचेच आहे असे ठरवण्याचा अधिकार नाचणाऱ्याला नाही, त्याच्या गुरूला नाही आणि रंगपटातल्या आजीबाईंना तर नाहीच. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदयाचे नाही, हा समजही अपुरा आहे. दाबल्यावर दुखणाऱ्या माणसालाही हृदयविकार असू शकतो. पस्तिशीच्या पुढच्या व्यक्तीने किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घरातला हृदयरोगाचा इतिहास यांपैकी काही असलेल्या कोणीही आधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा. छातीवर दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ, जिना चढताना वाढणारे आणि थांबल्यावर ओसरणारे दुखणे, एकाएकी लागलेली धाप, चक्कर येऊन पडणे, यांपैकी काही असेल तर घुंगरू सोडत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्त्रियांमध्ये हृदयविकार कधी कधी नुसती मळमळ, थकवा आणि पाठदुखी अशा आडवळणाने येतो, हेही ध्यानात ठेवावे. मला त्या पहिल्या रात्री 'गॅस' म्हणून परत पाठवले याचा मला राग आहे, पण तेथे जाऊन आलेख काढला याचा पश्चात्ताप कधीच झाला नाही.

विदर्भात राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे अनेक घरांत आहे, आणि त्याच्या रुग्णाला श्रम, थंडी किंवा शरीरातले पाणी कमी होणे या कारणांनी हाडांत आणि छातीत तीव्र वेदना होऊ शकतात. अशा मुलीला छातीत दुखण्याबरोबर ताप किंवा धाप असेल तर ते बरगडीचे दुखणे समजून शेकत बसणे जिवावर बेतू शकते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या व्यक्तींची रक्ततपासणी अपेक्षित आहे. नृत्यवर्गाच्या प्रवेशअर्जावर रक्तगटाशेजारी या तपासणीचा रकाना घालायला काहीच हरकत नाही. मी माझ्या वर्गात तो घातला आहे. उत्तर गुप्त ठेवले जाते आणि त्यावरून कोणाला प्रवेश नाकारला जात नाही, हे पालकांना समजावून सांगावे लागते. त्याला वेळ लागतो.

पाठीचे दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाठ आखडलेली राहत असेल आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होत असेल, तर विशीतल्या मुला-मुलींनी संधिवाततज्ज्ञांना अवश्य दाखवावे. मणक्यांचा एक दाहक संधिवात याच वयात सुरू होतो, बरगड्यांच्या सांध्यांनाही धरतो आणि वर्षानुवर्षे 'रियाझाने अंग आखडले' या सदरात दडून राहतो. नाचणाऱ्यांच्या बाबतीत तो ओळखणे अधिक अवघड असते, कारण रियाझ केला की बरे वाटते आणि त्यामुळे आजार नाहीच असे वाटत राहते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन आणि एका जागी ठाण मांडून बसलेली पाठदुखी असेल तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी. पायांत बधिरता किंवा लघवीवरचा ताबा सुटणे ही त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. एकाच बाजूला पट्ट्यासारखी जळजळ होऊन दोन-तीन दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण. तिचे औषध जितके लवकर सुरू होईल तितके बरे. आणि ज्या मुलीची पाळी वजन कमी करण्याच्या नादात तीन-तीन महिने येत नाही, तिच्या बरगडीला नुसत्या सरावाने बारीक चीर पडू शकते. अशी मुलगी दुखते म्हणाली, तर तिच्या ताटाकडे आधी पाहावे.

हे सगळे वगळले गेले आणि दुखणे सांध्यांचेच ठरले, की खरा प्रश्न उभा राहतो: नाचायचे की नाही? मला एका डॉक्टरांनी नाच सोडायला सांगितले होते आणि माझ्या गुरूंनी दुखण्यावरूनच नाचायला सांगितले होते. दोघांचेही ऐकून पाहिले. सहा महिने नाच बंद ठेवला तेव्हा पाठ आणखी आखडली आणि परत सुरू केल्यावर आठवड्यात कळ परतली. दुखण्यावरून नाचले तेव्हा तर कार्यक्रमानंतर साडीच्या निऱ्या सोडायलाही मैत्रीण लागली.

मार्ग सापडला तो एका भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) बाईंमुळे, आणि तोही वहीतून. त्यांनी मला रोज तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: किती चक्कर घेतले, दुखणे शून्य ते दहामध्ये किती होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उरले. रियाझात मी किती चक्कर घेते हे मला कोणी आधी विचारले असते तर मी हसले असते. मोजून नाचतात का कोणी, मात्रांशिवाय? पुढे वही वाचली तेव्हा दिसले की कळ कधीच कार्यक्रमाच्या दिवशी येत नव्हती. दिवाळीचे पंधरा दिवस शून्य चक्कर, मग मोसम सुरू म्हणून एकदम दीडशे, आणि तिसऱ्या दिवशी कळ. उन्हाळ्यातही तसेच: मे महिन्यात घरी नुसते बसणे आणि जूनमध्ये शिबिर. माझे सांधे नाचण्यामुळे तितके रागावत नव्हते, जितके अशा एकाएकी टाकलेल्या ओझ्यामुळे. तेव्हापासून सुट्टीतही दिवसाआड वीस-पंचवीस चक्कर सोडत नाही आणि कार्यक्रमाआधी संख्या आठवड्या-आठवड्याने चढवते. नियम असा ठरला की, नाचताना दुखणे तीनच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आले पाहिजे. न आल्यास पुढच्या रियाझात चक्कर निम्मे, पण शून्य नाही. मी चक्कर जवळजवळ सगळे एकाच दिशेने घेत होते, हेही त्या वहीमुळेच ध्यानात आले. आता तयारीच्या वेळी विलंबित लयीत उलटे चक्कर घेते. ते अजूनही बेढब होतात.

कळ ताजी असते त्या आठवड्यात मी काय करते, तेही थोडक्यात लिहिते. दिवसातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेते, पालथे झोपणे बंद करते, शिंक येताना उशी छातीशी धरते. तत्कार (पायांचे काम) चालू ठेवते, हस्तक (हातांच्या हालचाली) खांद्याच्या खाली ठेवते, चक्कर आणि उत्प्लवन (उड्या) बंद. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पोट भरलेले असतानाच. कार्यक्रमाच्या तासभर आधी गोळी घेऊन नाचणे मी सोडले आहे, कारण दुखण्याची घंटी बंद केली की आपण थांबायच्या जागी थांबत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या जठरावर आणि मूत्रपिंडांवर भार टाकतात आणि शरीरात पाणी कमी असेल तर तो भार वाढतो. आपल्याकडे मे अखेरच्या नवतपात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या दिवसांत कूलरच्या खोलीत चार तास घाम गाळून वर या गोळ्या घेणाऱ्या शिबिरार्थी मी पाहिल्या आहेत. त्यांनी गोळीआधी निदान पाणी तरी प्यावे.

मधल्या बऱ्या दिवसांतला व्यायाम हा या सगळ्याचा कणा आहे आणि तोच सर्वांत कंटाळवाणा आहे. टॉवेलची घट्ट वळकटी पाठीखाली आडवी ठेवून त्यावर हळूहळू मागे झुकणे, कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे नेणे, मार्जारासन, रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून कोपरे मागे खेचणे, भिंतीला तळहात टेकवून खांद्याची पाती पुढे ढकलणे. बारा मिनिटे लागतात. पहिले सहा आठवडे फरक जाणवत नाही. श्वासासाठी मात्र आमच्याच कलेत उपाय आधीपासून होता. पढंत करत, म्हणजे बोल तोंडाने म्हणत, तत्कार केला की श्वास धरून ठेवणे शक्यच होत नाही, कारण बोल म्हणायला श्वास सोडावाच लागतो. आता माझ्या वर्गात प्रत्येक नवी तिहाई आधी मोठ्याने म्हणत नाचायची आणि मगच मुकी नाचायची, असा दंडक आहे. मुलींची लय त्याने सुधारली, हा वरचा लाभ.

ज्या मुलींचे अंग फार लवचीक असते त्यांच्याबद्दल दोन शब्द. अंगठा वाकवून मनगटाजवळ टेकतो, कोपर उलटे जाते, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात, अशा मुलीचे आपण वर्गात कौतुक करतो आणि तिलाच पुढे उभी करतो. तिच्या सांध्यांना बांधून ठेवणारे तंतू सैल असतात. तिला आणखी ताणण्याची गरज नसते, स्नायूंचा आधार वाढवण्याची असते. तिला 'आखडल्यासारखे' वाटते ते पुष्कळदा सैल सांध्याला स्नायूंनी घट्ट धरल्यामुळे; अशा पाठीवर दाब देऊन कटकन आवाज काढला की तासभर हलके वाटते आणि मग पुन्हा तेच. मीही माझ्या विद्यार्थिनींच्या पाठीवर गुडघा ठेवून खांदे मागे ओढलेले आहेत. ते चुकीचे होते. उपचार कोणाकडून घ्यायचा हे ठरवताना महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही. ज्यांना खासगी खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भौतिकोपचाराचा विभाग आहे. रांग लागते, पण जावे.

आयोजकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना मात्र काही मागणे आहे. आपले बहुतेक नृत्यवर्ग गच्चीवरच्या खोल्यांत किंवा सदनिकांच्या वाहनतळात सिमेंटवर बसवलेल्या गुळगुळीत फरशीवर चालतात. अनवाणी पायाने तासभर केलेल्या तत्काराचा प्रत्येक आघात ही फरशी जशाच्या तसा परत करते. लाकडी पट्ट्यांवर प्लायवूड ठोकून केलेली साधी फळी, खाली रबराचे तुकडे, एवढ्यानेही फरक पडतो. मी ती एका सुताराकडून दोन दिवसांत करून घेतली. वेशभूषा शिवणाऱ्यांनी चोळीचे माप नुसते उभे राहून न घेता मुलीला पूर्ण श्वास भरायला सांगून घ्यावे. कार्यक्रमाच्या दिवशी त्या चोळीवर कमरपट्टा आणि ओढणीच्या आठ पिना लागतात, आणि त्यात बरगड्यांना हलायला जागा कुठे राहते? सकाळी सात वाजता मेकअप करून बसवलेल्या मुलीला दुपारी दोन वाजता थंड अंगाने रंगमंचावर ढकलणे हेही आपल्याकडे सर्रास चालते. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह यांसारखे मोठे रंगमंच या शहरात आहेत, पण स्पर्धा कोठेही असो, मुलींना अंग गरम करण्यासाठी दहा बाय दहाची रिकामी जागा राखून ठेवण्याची पद्धत अजून पडलेली नाही. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रासारख्या संस्थेने मेडिकलच्या भौतिकोपचार विभागाला सोबत घेऊन नृत्यशिक्षकांसाठी वर्षातून एक दिवसाचे शिबिर घेतले, तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन आणि माझी वही घेऊन येईन.

त्या मुलीच्या आईला मी त्या दिवशी माझा दूरध्वनी क्रमांक दिला होता. जानेवारीत त्यांचा फोन आला. हृदयाचा आलेख, छातीचे क्ष-किरण चित्र आणि सिकलसेलची तपासणी, तिन्ही व्यवस्थित. डॉक्टरांनी दोन बरगड्यांच्या कूर्चा दुखऱ्या असल्याचे सांगितले आणि व्यायाम दिले. मुलगी ते करते, पण तिच्या वर्गात फरशीच आहे आणि पुढच्या स्पर्धेची पत्रिकाही घरी आली आहे. पत्रिकेवर मुलीचा क्रमांक सत्तावीस छापला आहे. वेळ छापलेली नाही. आयोजकांनी निदान क्रमांकाशेजारी अंदाजे वेळ छापावी, म्हणजे त्याआधी वीस मिनिटे कुठे तरी कोपऱ्यात तिला अंग गरम करता येईल.

आपली,
एक कथक शिक्षिका
धरमपेठ, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)